लिस्बनच्या सेमिस्टरमधला आर्किटेक्चरचा क्लास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गोव्यातल्या फोंड्याकडची, विषय इतिहास, आणि लिस्बनला एक सेमिस्टर एक्सचेंजवर असताना हौसेने आर्किटेक्चरचा एक क्लास घेतला होता. परत आल्यापासून दर दोन महिन्यांनी कुणाची तरी भाची नाहीतर शेजाऱ्यांचा मुलगा तिकडे निघालेला असतो आणि त्याला माझा नंबर दिला जातो. त्याच त्या व्हॉइस नोट पाठवून कंटाळले म्हणून एकदाच लिहून ठेवतेय. प्रश्न जसे आले तसेच ठेवलेत, सारखे होते ते तेवढे एकत्र केलेत.

१. ताई, मी आर्किटेक्चरची नाही, बी.ए.वाली आहे. मला झेपेल का?

झेपेल, पण कुठला क्लास घेतेस त्यावर आहे. आर्किटेक्चरचे क्लास ढोबळमानाने दोन जातीचे. एक स्टुडिओ, म्हणजे जागा देतात, त्यावर डिझाइन करायचं, मॉडेल बनवायचं, रात्री जागायचं. तो बाहेरच्यांनी घेऊ नये, आणि बहुतेक ठिकाणी बाहेरच्यांना देतही नाहीत. दुसरा इतिहासाचा किंवा शहराचा, ज्यात अर्धे तास वर्गात आणि अर्धे रस्त्यावर असतात. मी हा घेतला. आमच्यात अर्धे लोक आर्किटेक्चरचे नव्हतेच, एक मुलगी तर नर्सिंगची होती आणि आम्हा सगळ्यांपेक्षा बारीक बघायची. गणित कुणी विचारलं नाही. चालायची तयारी आणि एका भिंतीसमोर वीस मिनिटं उभं राहायचा पेशन्स, एवढंच लागतं.

२. एवढ्या लांब जाऊन आर्किटेक्चरच का? दुसरं काही घेतलं असतं.

दुसरं काहीही घरी बसून वाचता येतं. शहर घरी आणता येत नाही.

३. लिस्बनच का, लंडन-पॅरिस का नाही?

लंडन-पॅरिसला मिळत असेल तर खुशाल जा. लिस्बनचा फायदा असा की शहर मोठं आहे पण हातात मावतं. खुद्द शहरात साडेपाच लाखांच्या आसपास माणसं आणि भोवतालचा सगळा पट्टा धरला तर पंचवीस लाखांच्या वर, आपला अख्खा गोवा २०११ च्या जनगणनेत साडेचौदा लाखांचा होता, त्यावरून काय ते समज. मुंबईहून आलेल्या मुलाला ते गाव वाटलं, मला पहिला आठवडा मेट्रोत छाती धडधडायची. पण एका दुपारी पायी निघालीस तर सोळाव्या शतकातल्या मठापासून २०१६ मध्ये उघडलेल्या म्युझियमपर्यंत नदीकाठाने चालत जाता येतं. गोव्याच्या माणसाला आणखी एक कारण आहे, ते प्रश्न १२ आणि १३ मध्ये.

४. पोर्तुगीज यायलाच हवी का?

इंग्लिशमधून असलेला क्लास बघून घ्यायचा, एक्सचेंजवाल्यांसाठी असतात. पण यादीत इंग्लिश लिहिलंय म्हणून वर्गात इंग्लिशच असेल असं समजू नको, पहिल्या लेक्चरला बाहेरचे किती आलेत ते बघून सर ठरवतात असंही होतं. म्हणून आधी ईमेल करून विचार. पणजीत कामोइश संस्थेचं केंद्र आहे, तिथे भाषेचे वर्ग चालतात, निघायच्या आधी चार-सहा महिने हाती असतील तर कर. क्लाससाठी दहा-पंधरा शब्द पुरतात: प्लांता म्हणजे प्लॅन, कोर्ते म्हणजे सेक्शन (इमारत उभी कापल्यावर दिसेल तसं चित्र), आल्सादु म्हणजे समोरून दिसणारा दर्शनी भाग. आणि आपल्याला जनेल माहीतच आहे. खिडकीला तिकडे जनेला म्हणतात हे ऐकून मला एवढा आनंद झाला की सरांच्या बोलण्यात मध्येच हसले.

५. क्रेडिट कसे असतात? मला २० पैकी १४ पडले तर घरी काय सांगू?

युरोपात ईसीटीएस नावाची क्रेडिटची पद्धत आहे, पूर्ण वर्षाचे ६० आणि सेमिस्टरचे ३०. एक क्रेडिट म्हणजे साधारण पंचवीस ते तीस तासांचं काम, त्यात घरी केलेलंही आलं. म्हणजे ६ क्रेडिटचा क्लास दिसायला आठवड्याला तीन तासांचा असला तरी एकूण दीडशे तास खातो, हे मला नोव्हेंबरात कळलं.

मार्क २० पैकी, पास १० ला. आणि १४ म्हणजे चांगले मार्क आहेत हे घरच्यांना आधीच सांगून ठेव. १७ पडले तर पेढे वाट. २० मी कुणाला पडलेले बघितले नाहीत. माझ्या बाबांनी १५ ऐकल्यावर फोनवर जो पॉज घेतला तो मला अजून आठवतो. परत आल्यावर आपल्याकडे हे मार्क कसे धरणार ते निघायच्या आधी लेखी घे, प्रश्न १७ बघ.

६. व्हिसा कुठला लागतो? टुरिस्ट व्हिसावर जाऊन नंतर बघू का?

नको नको नको. साधा शेंगेन व्हिसा ९० दिवसांचा, सेमिस्टर पाच महिन्यांचं, गणित बसत नाही. शिक्षणासाठीचा लांब मुदतीचा नॅशनल व्हिसा काढायचा. प्रवेशाचं पत्र, पैशांचा पुरावा, राहायची जागा, इन्शुरन्स, पोलिसांचा दाखला, असं सगळं लागतं आणि पोलिसांच्या दाखल्यावर अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद चालावा म्हणूनचा सरकारी शिक्का, लागते, त्यातच लोकांचे आठवडे जातात. आपलं नशीब की पोर्तुगालचं कॉन्सुलेट पणजीतच आहे. ताजी यादी त्यांच्याच साईटवरून घे. माझी यादी मागू नको, ती जुनी झाली.

७. आमच्या आजोबांची तिकडे नोंद आहे, बाबांचा पोर्तुगीज पासपोर्ट व्हायचाय. मग मला व्हिसा नको ना?

हा प्रश्न फक्त गोव्यातच येतो, पोर्तुगीज राजवटीत जन्मलेल्यांची तिकडे नोंद करून पोरानातवंडांना पासपोर्ट काढता येतो म्हणून! नोंद आहे, फाईल टाकलीय, वकील म्हणतो होईल, यातल्या कशानेच व्हिसा टळत नाही. तुझ्या स्वतःच्या हातात पोर्तुगीज पासपोर्ट असेल तरच टळतो. आणि तो आला की भारताचं नागरिकत्व जातं, आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, नंतर ओसीआय, म्हणजे मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांच्या, कार्डावर राहायचं. एका सेमिस्टरसाठी हा निर्णय घाईत घेऊ नको, घरी बसून नीट बोला. ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांनी फी कुठल्या गटातली लागेल तेही विचारून घ्यायचं, एक्सचेंजवर असाल तर बहुतेक वेळा फी आपल्याच कॉलेजला जाते.

८. मला चित्र अजिबात काढता येत नाही. शाळेत ड्रॉइंगला काठावर पास.

मीपण. इथे चित्र म्हणजे सुंदर चित्र नाही. आमच्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, फोटो नंतर काढा, आधी बघा. मी मनात म्हटलं झालं, हे सगळे मास्तर असंच बोलतात. मग त्यांनी कार्मोच्या मठापाशी नेलं. १७५५ च्या भूकंपात तिथल्या चर्चचं छप्पर गेलं ते परत घातलंच नाही, कमानी तशाच उघड्या आकाशाखाली उभ्या आहेत. आम्ही सगळ्यांनी धडाधड फोटो काढले. सरांनी फोन खिशात ठेवायला लावले आणि पाठ फिरवून विचारलं, एका बाजूला खांब किती? कुणालाच सांगता आलं नाही. चित्र काढायला बसलं की मोजावंच लागतं, एवढीच त्यातली मेख आहे.

कसं काढायचं: आधी पावलांनी माप घे, स्वतःचं पाऊल घरी टेपने मोजून ठेव (माझं ६२ सेंटिमीटर). वरून कसं दिसेल ते काढ, मग सुरीने केक कापल्यासारखा सेक्शन, मग एखादा कोपरा मोठा करून. रेघ वाकडी असली तर चालते, प्रमाण चुकलं तर सर लाल करतात.

९. सामान काय नेऊ?

ए५ ची जाड कागदाची वही, दोन-तीन बी पेन्सिली, एक वॉटरप्रूफ काळं पेन, छोटी मेजरिंग टेप. सेट-स्क्वेअर, टी-स्क्वेअर काही नको. वही पणजीतच घे, स्वस्त पडते. बुटांचं प्रश्न १५ मध्ये.

१०. क्लासमध्ये नक्की शिकवतात काय? नुसतं चर्च-महाल?

मलाही तेच वाटलेलं. पण आमच्या सेमिस्टरचा सगळ्यात मोठा भाग गेला तो बाइशा नावाच्या भागात, जिथे बघितलं तर काहीच नाही, सरळ रस्ते आणि एकसारख्या इमारती. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण, सकाळची वेळ, चर्चं भरलेली, मेणबत्त्या पेटलेल्या, आणि भूकंप. मग आगी लागल्या, मग नदीतून समुद्राचं पाणी आत शिरलं. खालचं शहर गेलंच. राजाचा मंत्री, ज्याला पुढे मार्केस द पोंबाल म्हणून ओळखतात, त्याने मानुएल दा माया या म्हाताऱ्या लष्करी इंजिनिअरकडून पर्याय मागवले, आणि जुन्या गल्ल्या परत न बांधता सगळं सपाट करून चौकटीत नवं शहर आखलं. रस्ते धंद्यांच्या नावाने, सोनारांचा, चांदीवाल्यांचा, चांभारांचा. आपल्याला यात नवल वाटत नाही, म्हापशाच्या बाजारातही जिन्नस बघून ओळी आहेतच.

खरी गंमत भिंतीच्या आत आहे. भिंतीत लाकडाचा सांगाडा घालायचे, चौकोन आणि त्यात तिरक्या फुल्या, वरून दगड-चुना भरून प्लॅस्टर. त्याला गायोला म्हणतात, गायोला म्हणजे पिंजरा. भूकंपात दगड पडला तरी पिंजरा वाकून उभा राहावा अशी कल्पना. त्याचं मॉडेल बांधून भोवती सैनिकांना पाय आपटत चालायला लावलं आणि तपासलं अशी गोष्ट तिकडे सांगतात. लाकडाचे भाग आधीच मापात कापून आणायचे, खिडक्या-दारं एकाच मापाची. आज ज्याला प्रीफॅब म्हणतात ते त्यांनी अठराव्या शतकात केलं. जमीन गाळाची म्हणून पायाखाली लाकडी खुंटे ठोकलेत, ते एका बँकेच्या तळघरात बघायला मिळतात, रोमन काळातले अवशेष तिथेच बाजूला. मी वर येऊन परत तोच रस्ता बघितला तेव्हा मला तो कंटाळवाणा दिसेना.

बाकी मग शियादो, जिथे १९८८ ला आग लागली आणि आल्वारो सिझा या पोर्तुगीज आर्किटेक्टने तो भाग असा परत उभा केला की त्याने काय केलं ते शोधावं लागतं. त्याचंच एक्स्पो ९८ या जागतिक प्रदर्शनातलं पोर्तुगाल पॅव्हेलियनही बघितलं, तिथे दोन बाजूंच्या मधे काँक्रीटचं छत टांगलंय, जाडी फक्त २० सेंटिमीटर, आणि त्याला दोरीवर वाळत घातलेल्या लुगड्यासारखा झोळ आहे. त्याच्याखाली उभं राहिलं की आपोआप मान खाली जाते.

११. पहिल्या आठवड्यात काय बघून ठेवू म्हणजे वर्गात बावळट दिसणार नाही?

बावळट सगळेच दिसतात. तरी सांगते. अझुलेजोंचं राष्ट्रीय म्युझियम, म्हणजे टाइल्सचं, जुन्या मठात आहे, तिथे भूकंपाच्या आधीच्या लिस्बनचा २० मीटरहून लांब टाइल्समधला देखावा आहे, तो आधी बघ म्हणजे काय गेलं ते कळतं. मग आल्फामा या जुन्या वस्तीत नकाशा बंद करून हरव, तो भाग बऱ्यापैकी वाचला होता आणि जुन्या गल्ल्या कशा होत्या ते पायांना कळतं. मग पाण्याचा अॅक्विडक्ट, आग्वाश लिव्रेश, सगळ्यात उंच कमान ६५ मीटर, भूकंपाच्या सात वर्षं आधी पाणी सुरू झालेला आणि भूकंपात उभा राहिलेला. सोमवारी बहुतेक म्युझियमं आणि बेलें भागातला जेरोनिमोस मठ बंद असतात, मी दोनदा दारावरून परत आलेय. आणि सांता जुस्ताची ती १९०२ ची लोखंडी लिफ्ट, तिच्या रांगेत तासभर उभी राहू नको, वरून कार्मोच्या बाजूने चालत जाता येतं.

१२. तिकडे जाऊन "ग्रेट पोर्तुगीज" वगैरे ऐकायला अवघड नाही वाटत? आपल्या देवळांचं काय केलं त्यांनी.

वाटतं. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त फोंड्यातूनच येतो आणि ते बरोबरच आहे. मंगेशाला १५६० ला कुशस्थळीहून रातोरात प्रियोळला आणावं लागलं, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आली, हे आपण घरात ऐकत वाढलो. बेलेंच्या जेरोनिमोस मठात गेले तेव्हा सर दगडातल्या दोरखंडांच्या नक्षीबद्दल बोलत होते आणि मी वास्को द गामाच्या थडग्यापाशी उभी होते. चौथीच्या पुस्तकातलं नाव एकदम दगडाचं होऊन समोर येतं, कसंतरीच झालं. तो मठ बांधायला पैसा कुठून आला, तर आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावर पाच टक्के कर होता त्यातून. म्हणजे आपल्याकडच्या व्यापाराचाही पैसा की.

मी हात वर करून विचारलं, की हे बांधत होते तेव्हा तिकडे काय पाडलं जात होतं ते या क्लासमध्ये कधी येणार? वर्ग गप्प. सर म्हणाले, पुढच्या आठवड्यात वीस मिनिटं तू घे. घेतली. नकाशावर कुशस्थळी ते प्रियोळ रेघ काढून दाखवली, मधे जुवारी नदी. वर्गातल्या पोर्तुगीज मुलांपैकी एकालाही माहीत नव्हतं, आणि त्यात त्यांचा दोष नाही, त्यांना कुणी सांगितलंच नाही. तर अवघड वाटतं म्हणून क्लास टाळू नको. अवघड वाटेल तिथे हात वर कर. सगळेच सर असे भेटतील याची गॅरंटी मात्र मी देत नाही.

१३. पण गोव्यातलं सगळं पोर्तुगीजच ना? मग तिकडे जाऊन वेगळं काय दिसणार?

याच समजुतीत मी वर्गात आपटले. माझं छोटं प्रेझेंटेशन होतं, मी ठोकून दिलं की आमच्या जुन्या घरांच्या शिंपल्यांच्या खिडक्या लिस्बनहून आल्या. सरांनी शांतपणे विचारलं, लिस्बनमध्ये कुठे बघितल्यास? मी बघितल्याच नव्हत्या, कारण नाहीतच. तो शिंपला आपल्याकडच्या किनाऱ्याचा, काच महाग होती म्हणून वापरला, ऊन चाळून घेतो.

मग मी उलटं बघायला लागले. आपला चिरा, म्हणजे तांबडा जांभा दगड, तिकडे नाही, तिकडे लिओझ नावाचा फिकट चुनखडीचा दगड. चिरा पावसात झिजतो म्हणून त्यावर गिलावा लागतो. ओल्ड गोव्याचं बॉम जेझूस चर्च लाल उघडं दिसतं ते मुळात तसं नव्हतं, गिलावा १९५० च्या दशकात काढला, आणि टुरिस्टला वाटतं हीच स्टाइल. कवळ्याचं शांतादुर्गेचं देऊळ घे. शाहू महाराजांच्या काळात १७३० च्या दशकात बांधलं, तेव्हा फोंडा पोर्तुगीजांकडे नव्हताच. तरी कमानीच्या खिडक्या फिरंगी वळणाच्या आणि घुमट मुसलमानी वळणाचा, समोर दीपस्तंभ आपला. गवंडी आणि सुतार काय, जिथे काम मिळेल तिथे जायचे, हात तोच. सरकार कुणाचं आणि हात कुणाचा हे वेगळं धरायला मी तिकडे शिकले.

म्हणून निघायच्या आधी एक रविवार ओल्ड गोव्याला दे. रोझरी चर्चवर दोरखंडाची नक्षी आहे, तीच तुला बेलेंला शंभर पटीने दिसेल. से कॅथेड्रलचा एक मनोरा १७७६ ला पडला, म्हणून ते एका बाजूला रिकामं वाटतं. पणजीत मेनेझेस ब्रागांझा इन्स्टिट्यूटच्या दारात निळ्या टाइल्स आहेत, १९३५ च्या. आणि दुसरा रविवार तांबडी सुर्लाला, कदंबांच्या काळातलं काळ्या बेसाल्टचं देऊळ, म्हणजे पोर्तुगीज यायच्या आधी इथे काय चालायचं ते डोक्यात राहील.

१४. तिकडे आपल्या माणसाचं काही काम आहे का?

आहे ना! चार्ल्स कोरिया, मूळ गोव्याचे, पणजीची कला अकादमी त्यांचीच. बेलेंच्या पुढे नदीकाठी शांपालिमो सेंटर आहे, हॉस्पिटल आणि संशोधन केंद्र, २०१० ला उघडलं. दोन दगडी इमारतींच्या मधून एक चढती वाट जाते, चढताना समोर नुसतं आकाश दिसतं, वर पोचल्यावरच पाणी. याच पाण्यातून गलबतं आपल्याकडे निघायची. आमच्या क्लासमध्ये ते सिलॅबसमध्ये नव्हतं, मी एकटी गेले, संध्याकाळी, भेळ नाही चहा नाही, आणि तिथेच बसून आईला फोन केला. कला अकादमीतही तसंच आहे बघ, दारातून थेट आत कुठे जावं लागत नाही, आपण छपराखालून चालत मांडवीपर्यंत पोचतो.

१५. चालणं किती? आणि थंडी?

दर क्लासला सहा-सात किलोमीटर, तेही चढउतार. फुटपाथ कालसादाचे, छोटे-छोटे गुळगुळीत पांढरे दगड, पावसात साबणासारखे. मी पहिल्या पावसात रुआ आउगुस्तावर सपशेल आडवी झाले, वही वर धरून. रबरी पकडीचे बूट घे, फॅशनचे नको. पाऊस मुख्यतः नोव्हेंबर ते जानेवारी. थंडी बाहेरपेक्षा घरात जास्त, बऱ्याच जुन्या घरांना हीटिंग नाही आणि भिंतींना बुरशी येते. आषाढातलं आपलं घर आठव, फक्त गार.

मेट्रोचे चार रंगांचे मार्ग आहेत, मासिक पास काढ. मेट्रो १९५९ ला सुरू झाली तेव्हाच्या बहुतेक स्टेशनांवर मारिया कैल या चित्रकर्तीच्या टाइल्स आहेत, उशीर झाला तर बघत उभी राहा. २८ नंबरची ट्राम फोटोपुरती ठीक, पाकीट पुढच्या खिशात.

१६. सेमिस्टर सप्टेंबरात सुरू होतं. चतुर्थीचं काय?

चतुर्थी हुकते. कधी ऑगस्टात येते तेव्हा करून निघता येतं, नाहीतर माटोळी (गणपतीवर टांगतात ती फळापानांची) व्हिडिओ कॉलवर. भारत तेव्हा साडेचार तास पुढे असतो (हिवाळ्यात साडेपाच), आपली दुपारची आरती म्हणजे तिकडे सकाळचं पहिलं लेक्चर. मी बाथरूममध्ये जाऊन आरती ऐकली, सांगायला लाज नाही. तेलेइराशला राधाकृष्ण मंदिर आहे, कँटीनमध्ये शाकाहारी जेवण मिळतं, गुजराती वळणाचं. नारळ आणि तांदूळ मार्तीं मोनिशच्या दुकानांत. फेब्रुवारीचं सेमिस्टर घेतलंस तर चतुर्थी वाचते पण शिगमो, म्हणजे आपला होळीचा सण, जातो, निवड तुझी.

१७. क्लास पास झाले तरी इथे क्रेडिट धरले नाहीत तर?

होतं असं, आणि माझंही जवळजवळ झालं. जायच्या आधी लर्निंग अॅग्रीमेंट करतात, त्यात विषयाचं नाव, कोड, क्रेडिट आणि तिन्ही सह्या, तुझी, इथल्या कॉलेजची, तिथल्या कॉलेजची. मी तिथे गेल्यावर वेळापत्रक आदळलं म्हणून एक क्लास बदलला आणि बदलाचा कागद इकडे सही करून घेतला नाही. परत आल्यावर ऑफिसात "हा विषय कागदावर नाही" म्हणून तीन महिने फेऱ्या. विषय बदललास तर त्याच आठवड्यात बदलाची सही घे, ईमेलवर "ओके" आलं म्हणून बसू नको.

१८. मी बी.आर्क.चाच आहे. मग तिकडचा स्टुडिओ घेऊ ना?

तुझी गोष्ट वेगळी, तुला स्टुडिओ घ्यायलाच हवा, पण इथला स्टुडिओ त्याबदली माफ होणार का ते आधी एचओडींकडून लेखी घे. नाहीतर परत येऊन तोच विषय आणि खालच्या बॅचबरोबर बसावं लागतं. आणि तिकडे जास्त वेळ जागेचा अभ्यास, कमी वेळ फायनल शीट, असं बघितलंय, आपल्या पोरांना पहिला महिना वाटतं काहीच चाललेलं नाही.

१९. एवढा क्लास करून मला आर्किटेक्ट म्हणवता येईल?

नाही. १९७२ च्या आर्किटेक्ट्स अॅक्टनुसार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असलेल्यांनाच ते म्हणता येतं, त्यासाठी पाच वर्षांचं बी.आर्क. इन्स्टा बायोमध्येही लिहू नको.

२०. परीक्षा कशी असते?

आमच्याकडे लेखी नव्हती. स्केचबुकला निम्मे मार्क, बाकी एका इमारतीवर निबंध आणि तोंडी. तोंडीला सर तुझ्याच वहीतलं पान उघडून विचारतात, ही पायरी इथे का आहे? घरी बसून नेटवरून काढलेलं चित्र तिथे लगेच उघडं पडतं, एका मुलाचं पडलं, त्याने पायऱ्या सहा काढलेल्या आणि जागेवर नऊ होत्या. एखादी फेरी बुडली तर नंतर एकटीने जाऊन तीच पानं भर आणि तारीख खरी घाल. मेट्रोचा संप असेल तर बहुतेक सर समजून घेतात, पाऊस हे कारण चालत नाही.

२१. आमची आजी म्हणते घरं बघायला परदेशात कशाला, आपलं घर काय वाईट आहे. काय सांगू?

माझी आजीही हेच म्हणाली होती. मी आल्यावर पहिलं काम आमच्या घराचा प्लॅन काढला, पावलांनी मोजत, ओसरी, राजांगण, तुळस, देवखोली, माजघर, सगळं. दोन दिवस लागले. आजीला दाखवला. तिने चष्मा लावून बराच वेळ बघितला आणि म्हणाली, बाळंतिणीची खोली कुठाय? आता तिथे इन्व्हर्टर आणि नारळ असतात, मी ती स्टोअररूम म्हणून लिहिली होती. आजीने पेन मागून घेतलं, स्टोअररूम खोडलं आणि बाजूला माझ्या बाबांचं, दोन आत्यांचं आणि काकाचं नाव लिहिलं.